निरगुडीची खरी ओळख

निरगुडी ओळखत नाहीं असा शेतकरी आपल्या मुलखांत सांपडावयाचा नाहीं, अशी आमची पुष्कळ वर्षें समजूत होती. ओढ्याच्या कांठीं, नाल्याच्या उतारावर, डोंगराच्या पायथ्याच्या माळावर, पडक्या वाड्याच्या भिंतीशीं जें झुडूप आपण लहानपणापासून पाहत आलों, तें ओळखावयाचें तें काय, असें वाटणें साहजिक आहे. परंतु ओळख असणें निराळें आणि ओळख पटवितां येणें निराळें. आमचा जन्म महसुलाच्या दप्तरांत गेला. तेथें एखादा मनुष्य साक्षीला येऊन "हा आमच्या चांगल्या ओळखीचा" असें सांगे, आणि त्या ओळखीच्या माणसाच्या बापाचें नांव विचारलें म्हणजे डोकें खाजवूं लागे. निरगुडीच्या बाबतींत आमची स्वतःची गत अशीच झाली, व तिची किंमत एका मुक्या जनावरानें दिली. ती हकीकत सांगितल्यावांचून या लेखाचें प्रयोजन वाचकांस कळणार नाहीं. म्हणून प्रथम तीच सांगतों.

सन २०१३ चा उन्हाळा. आदल्या पावसाळ्यानें दगा दिल्यामुळें त्या वर्षीं चाऱ्यापाण्याचे किती हाल झाले, हें ज्यांनीं तो उन्हाळा काढला त्यांस सांगावयास नको. पुष्कळांनीं आपलीं गुरें छावणीवर नेऊन बांधिलीं होतीं. आम्ही त्या वेळीं नोकरींत होतों, आणि शनिवार-रविवार तेवढे गांवीं येत असूं. आमच्या दावणीला एक काळी-बांडी संकरित गाय, तिची वर्षाची कालवड व एक म्हैस अशीं तीन जनावरें होतीं. गोठ्यांत माश्या व चिलटें फार झालीं म्हणजे निरगुडीचे डहाळे तोडून आणावयाचे, थोड्यांचा धूर करावयाचा आणि बाकीचे रात्रीं जनावरांच्या आसपास पसरून ठेवावयाचे, ही आमच्या वडिलांपासूनची रीत. निरगुडीला गुरें सहसा तोंड लावीत नाहींत, म्हणून ही रीत निर्धास्त होती.

त्या शनिवारीं आम्हीं नव्या गड्यास ओढ्यावर पाठविलें. तो परमुलखांतला, कामाला वाघ, पण आमच्या शिवाराशीं नवखा. त्यास आम्हीं एवढेंच सांगितलें कीं, "ओढ्याच्या कांठीं उग्र वासाचें झुडूप आहे, समोरासमोर पानें असतात, त्याचा भारा घेऊन ये." तो दिवेलागणीला भारा घेऊन आला. वीज गेलेली होती. "अण्णा, हीच ना?" असें त्यानें विचारलें. आम्हीं ओसरीवरूनच एक पान हातांत घेतलें, चुरगाळलें, नाकाशीं धरलें, आणि "हीच, पसर" असें सांगून मोकळे झालों. दुसऱ्या दिवशीं आम्ही तालुक्याच्या गांवीं परतलों.

बुधवारीं घरून निरोप आला कीं गाय व कालवड दोन्ही चारा खात नाहींत, शेण होत नाहीं, आणि डोळे पिवळे दिसतात. गुरुवारीं गायीच्या अंगावरील पांढऱ्या डागांची कातडी भाजल्यासारखी लाल होऊन तडकूं लागली. काळ्या भागाला मात्र कांहीं नाहीं. नाकपुडीही सोलली. पशुवैद्य आले. त्यांनीं जनावराकडे पाहिलें, मग गोठ्याच्या कोपऱ्यांत पडलेल्या सुकलेल्या डहाळ्यांकडे पाहिलें, आणि एक डहाळी उचलून आमच्या हातांत दिली. "ही निरगुडी कोणीं सांगितली? ही घाणेरी आहे." डहाळीवर पानें फारशीं उरलेलीं नव्हतीं. रित्या दावणीवरच्या भुकेल्या जनावरांनीं तीं खाऊन टाकिलीं होतीं. कालवड शनिवारीं गेली. गाय महिना-सवा महिना अंधारांत बांधून ठेविली, औषधपाणी केलें, तेव्हां वांचली. म्हशीनें त्या डहाळ्यांना फारसें तोंड लाविलें नव्हतें, असें दिसतें. गड्याचा यांत कांहीं दोष नव्हता. त्याला सांगितलेल्या खुणा त्यानें तंतोतंत पाळल्या होत्या. आणि आणलेला भारा पाहून होकार देणारे आम्ही होतों.

आम्हीं सांगितलेल्या खुणा खोट्या नव्हत्या, हीच त्यांतली मेख आहे. उग्र वास, समोरासमोर पानें, झुडपाची ठेवण, ओढ्याकांठचा ठाव, या चारही गोष्टी निरगुडीला जशा लागू तशाच घाणेरीला लागू. इतकेंच नव्हे, तर कोंवळ्या फांदीला बोटें लावून पाहिलें तर दोहोंची फांदी गोल नसून चौकोनी लागते. याला कारण आहे. पूर्वीं वनस्पतिशास्त्रज्ञ निरगुडी, घाणेरी आणि आपला साग या तिघांना एकाच कुळांत धरीत असत. अलीकडे झाडांच्या पेशींतील अनुवंशद्रव्य तपासण्याची सोय झाल्यावर त्यांनीं निरगुडीला व सागाला त्या कुळांतून काढून तुळशीच्या कुळांत घातलें, आणि घाणेरी जुन्याच घरांत राहिली. पण दोन्ही कुळें सख्ख्या शेजाऱ्यांसारखीं जवळचीं आहेत. तुळशीची काडी हातांत घेतली तर तीही चौकोनी, तिचींही पानें समोरासमोर, तिलाही वास. म्हणून ह्या खुणा भाऊबंदकीच्या खुणा होत, माणसाच्या नव्हेत. पोलिसपाटलाला "गव्हाळ रंग, मध्यम बांधा" एवढ्या वर्णनावरून जसा चोर धरितां यावयाचा नाहीं, तशी एवढ्यावरून निरगुडी धरितां यावयाची नाहीं.

तर मग निरगुडीची स्वतःची खूण कोणती? ती पानांत आहे, आणि ती समजण्याकरितां पान कोणास म्हणावें हें आधीं समजलें पाहिजे. निरगुडीचें म्हणून आपण जें लांबट, भाल्याच्या पात्यासारखें पान तोडतों, तें तिचें पुरें पान नव्हेच. तो पानाचा एक भाग आहे. त्यास पर्णिका म्हणतात. एका देंठाच्या टोंकाला अशा पांच, कधीं तीन पर्णिका हाताच्या पंजाप्रमाणें पसरलेल्या असतात, आणि तो सबंध पंजा मिळून निरगुडीचें एक पान होतें. हें खरें कशावरून, अशी शंका वाचकांस येईल. कारण पांच पानें एका ठिकाणीं उगवलीं आहेत असेंही कोणी म्हणूं शकेल. ऊस लावणाऱ्यास याचें उत्तर एका शब्दांत सांगतां येतें : डोळा पाहावा. जेथें पान फांदीला चिकटतें, त्या बगलेंत डोळा असतो. निरगुडीचा पंजा ज्या देंठानें फांदीला चिकटला आहे, त्या देंठाच्या बगलेंत डोळा सांपडेल. पण पंजाच्या एकेका बोटाच्या बुडाशीं कितीही शोधलें तरी डोळा सांपडावयाचा नाहीं. म्हणून बोटें हीं पानें नव्हेत, पंजा हें पान होय. घाणेरीचें पान एकेरी असतें : अंड्याच्या आकाराचें, टोंकाशीं निमुळतें, कडेला करवतीसारखे दांते, वरून हात फिरविला तर खरखरीत, आणि त्या एकेका पानाच्या बगलेंत डोळा असतो. आम्हीं त्या संध्याकाळीं वासाऐवजीं पंजा चाचपला असता, तरी अंधारांतसुद्धां फसलों नसतों.

पंजाविषयीं आणखी थोडें सांगणें जरूर आहे. पांचांपैकीं मधलें बोट सर्वांत मोठें, दोन ते चार इंच लांब, व त्याला स्वतःचा लहानसा देंठ असतो. त्याच्या दोहों बाजूंचीं बोटें त्याहून लहान, आणि अगदीं बाहेरचीं दोन सर्वांत लहान व जवळजवळ बिनदेंठाचीं. शेंड्याकडे, विशेषतः तुऱ्याजवळ, तीनच बोटांचीं पानें पुष्कळ असतात. तीं पाहून कोणीं शंका घेऊं नये. खालच्या फांदीवर पांच बोटांचें पान मिळतेंच. पानाची कड बहुधा साधी असते, कधीं दांतेरी असते; म्हणून कडेवर भिस्त ठेवूं नये. खरी भिस्त पानाच्या पाठीवर ठेवावी. वरची बाजू हिरवी, आणि पाठ मात्र बारीक लवेमुळें राखेसारखी पांढुरकी. ही खूण इतकी चांगली कीं ती दुरून कामास येते. वारा सुटला म्हणजे निरगुडीचें झुडूप एका क्षणीं हिरवें व दुसऱ्या क्षणीं राखी दिसतें. घाणेरीचें झुडूप वाऱ्यांत हलतें, रंग पालटीत नाहीं. आमच्या गांवचे धनगर ओढ्याच्या पैल कांठावरून निरगुडी दाखवीत, ती याच खुणेवर. त्यांना पर्णिका वगैरे कांहीं ठाऊक नव्हतें.

फुलें असतील तर प्रश्नच मिटतो. निरगुडीला फांद्यांच्या शेंड्यांवर लांब तुरे येतात, व त्यांवर पाव इंचाएवढीं लहान निळसर-जांभळीं फुलें असतात. फूल हातांत घेऊन पाहिलें तर त्याला दोन ओंठ दिसतात. खालच्या ओंठाची मधली पाकळी सर्वांत मोठी. पावसाळ्यांत व त्यापुढें बहर मोठा. ओलाव्याच्या जागीं इतर वेळींही तुरळक तुरे दिसतात. घाणेरीचीं फुलें लहान लहान गोल झुबक्यांत येतात, आणि एकाच झुबक्यांत कडेला गुलाबी व मध्यें पिवळीं, किंवा तांबडीं व नारिंगी, असे दोन-दोन रंग असतात. फळांतही असाच भेद आहे. निरगुडीचें फळ मिऱ्याएवढें, सुटें, पिकल्यावर काळें, आणि खालीं फुलाच्या पेल्याची टोपी धरून असलेलें. घाणेरीचीं फळें घोंसांत, रसाळ, आधीं हिरवीं व मग चकचकीत काळीं. बुलबुल तीं खातात आणि गांवभर बीं पेरितात.

कांट्यांचें काय, असें कोणी विचारील. निरगुडीला कांटा मुळींच नाहीं. घाणेरीच्या फांदीवर मागें वळलेले आंकडे असतात, व ते झग्याला किंवा धोतराला धरितात. परंतु घाणेरीच्या सर्व जाती सारख्या कांटेरी नसतात. बागेंतून पळून आलेल्या कांहीं फार थोडे कांटे बाळगितात. म्हणून कांटा असला तर ती निरगुडी नव्हे एवढें निश्चित समजावें. कांटा नसला तर ती निरगुडीच, असें मात्र समजूं नये.

राहिला वास. निरगुडीचें पान चुरगाळलें म्हणजे कापराची आठवण करून देणारा कडवट, उग्र पण डोकें हलकें करणारा वास येतो. घाणेरीचा वास तिच्या नांवावरूनच कळतो. दोन्ही पानें एकामागून एक नाकाशीं धरिलीं तर भेद कोणालाही कळेल. पण एकटेंच पान पुढें आलें म्हणजे नाक आपल्या मनांत असेल तेंच सांगतें. आम्ही निरगुडीची वाट पाहत होतों, म्हणून आमच्या नाकानें निरगुडी सांगितली. चाळीस वर्षांचा परिचय असूनही सांगितली.

आतां घाणेरी जनावरास कां मारिते, हें थोडक्यांत सांगतों. हें झुडूप मूळचें आपलें नव्हे. तें अमेरिका खंडांतील उष्ण प्रदेशांतलें. सन १८०९ च्या सुमारास शोभेकरितां कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानांत तें आणिलें, आणि तेथून पक्ष्यांच्या पोटांतून व माणसांच्या कुंपणांतून तें देशभर पसरलें. तिच्या पानांत लॅन्टाडीन नांवाचीं द्रव्यें असतात. तीं यकृताला इजा करितात व पित्ताची वाट तुंबते. हिरव्या चाऱ्याच्या हरितद्रव्यापासून जनावराच्या पोटांत एक पदार्थ तयार होत असतो, तो एरव्हीं पित्तावाटे निघून जातो. वाट तुंबली म्हणजे तो रक्तांत सांचतो, आणि कातडीवर ऊन पडलें कीं कातडी भाजते. काळ्या कातडीला तिचा रंगच आडोसा करितो. पांढरी कातडी उघडी पडते. आमच्या बांड्या गायीचे पांढरेच डाग कां सोलले, याचा उलगडा हा असा आहे. भरल्या पोटाचें जनावर घाणेरीला सहसा शिवत नाहीं. दुष्काळांत, किंवा बाजारांतून नवीन आणिलेलें, जागेशीं अपरिचित जनावर तिला तोंड घालतें. विषाचें प्रमाण जातीपरत्वें कमी-अधिक असतें, पण तो हिशेब शेतकऱ्यानें करीत बसूं नये. खाणें तुटलें, शेण अडलें, डोळे पिवळे झाले, असें दिसतांच जनावर प्रथम सांवलींत, शक्य तर अंधारांत घ्यावें आणि त्याच दिवशीं पशुवैद्यास बोलवावें. आमच्याकडून तीन दिवस गेले, ते फार झाले.

घाणेरीखेरीज आणखी एक-दोन झाडांशीं निरगुडीची गल्लत होते. भांगेचें पानही पंजासारखें असतें, आणि ज्या निरगुडीची कड दांतेरी असते ती दुरून तशीच भासते. एका उपप्रकाराला तर शास्त्रज्ञांनीं 'कॅनाबिफोलिया', म्हणजे भांगेच्या पानाची, असें नांव दिलें आहे. गांजाची बेकायदा लागवड हा सन १९८५ च्या कायद्यान्वयें गंभीर गुन्हा असल्यामुळें ही गल्लत हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं. आमच्या नोकरींत एकदां एका खातेदाराविरुद्ध असा निनांवी अर्ज आला होता. पंचांसह बांधावर जाऊन पाहतों तों सात-आठ फूट उंचीचें, मांडीएवढ्या बुंध्याचें, आजोबांनीं लाविलेलें कुंपण! भांग ही वर्षायु. तिला असा लांकडी बुंधा कोठून येणार? तिच्या पानांच्या बोटांची कड खालपासून वरपर्यंत करवतीसारखी असते, शेंड्याकडील पानें समोरासमोर नसून एकाआड एक असतात, आणि पाठीला राखी लव नसते. अर्जदाराचें बांधावरून भांडण होतें, हें वेगळें सांगणें नको.

काळा अडुळसा म्हणून जें झुडूप कुंपणाला लावितात, त्यास कांहीं ठिकाणीं काळी निरगुडी म्हणतात. त्याचीं पानें एकेरी, अरुंद, फांद्या काळपट-जांभळ्या. त्याचा निरगुडीशीं नांवापलीकडे संबंध नाहीं. कोंकणांत समुद्रकांठीं वाळूंत निरगुडीची एक खरी बहीण उगवते. तिला बहुधा तीनच पर्णिका असतात, त्या रुंद व बिनदेंठाच्या. घांटावरील शेतकऱ्याला तिच्याशीं कर्तव्य पडत नाहीं.

नांवांचा घोटाळा जुनाच आहे. संस्कृत निघंटूंत पांढऱ्या फुलाची ती सिंदुवार व निळ्या फुलाची ती निर्गुंडी असा भेद केलेला आढळतो. आणि निळ्या फुलाच्या निर्गुंडीला शेफाली असेंही नांव आहे, जें दुसरीकडे पारिजातकाला लावितात. म्हणून पोथींतील नांवावरून झाड तोडावयास निघूं नये. कोंकणांत तिला निगड, लिंगड म्हणतात. गुजराथेंत नगोड, हिंदी मुलखांत सम्हालू, कर्नाटकांत लक्की, तेलंगणांत वाविली, तामिळ देशांत नोच्ची. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानें सन १५६३ मध्यें गोव्यांत छापलेल्या आपल्या ग्रंथांत 'नेगुंडो' म्हणून हिचें प्रकरण घातलें आहे. पुढें सन १७५३ मध्यें लिनीअस या शास्त्रज्ञानें तिचें नांव 'व्हायटेक्स नेगुंडो' असें कायम केलें. आणि अमेरिकेंतील एका मेपल वृक्षाचें पान तिच्यासारखें दिसलें म्हणून त्यालाही 'नेगुंडो' हें नांव जोडून दिलें. आपल्या ओढ्याकांठच्या झुडपाचें नांव असें सातासमुद्रापलीकडे गेलें. आपल्या दप्तरांतही तें ठिकठिकाणीं आहे : निरगुडी, निरगुडे, निरगुडसर हीं पुणें-साताऱ्याकडील गांवांचीं नांवें वाचतांना आम्हांस नेहमीं त्या झुडपाचें स्मरण होत असे.

ओळख पक्की झाल्यावर ह्या झुडपाचा उपयोग पुष्कळ आहे, आणि तो बहुतेक फुकटचा आहे. गुरें खात नाहींत, हाच तिचा कुंपणाच्या दृष्टीनें मोठा गुण. पावसाच्या आरंभीं अंगठ्याएवढ्या जाडीच्या, हातभर लांबीच्या जून काड्या दोन-तीन डोळे मातींत जातील अशा बेतानें लावाव्या. त्या सहज लागतात. मुळांपासून नवीन फुटवे निघत असल्यामुळें ओढ्याची दरड धरून ठेवण्यास ती उत्तम. मात्र काड्या आणतांना एकेक काडी पाहून घ्यावी. ओढ्यावर दोन्ही झुडुपें एकमेकांत गुंतलेलीं असतात, आणि भाऱ्यांत घाणेरीच्या दहा काड्या आल्या तर चार-पांच वर्षांनीं बांधावर निरगुडी शोधावी लागेल. सरळ वाढलेल्या फोकांच्या टोपल्या विणितात. भाताच्या खाचरांत हिरवळीचें खत म्हणून तिचा पाला तुडवितात, तोही चांगला.

धान्याच्या कणगींत निरगुडीचा पाला घालण्याची चाल आपल्याकडे घरोघर आहे. तिच्या उग्र वासाचा किड्यांना तिटकारा असतो, हें खरें. परंतु पाला सांवलींत पूर्ण वाळलेला पाहिजे. ओला पाला घातला तर वासाबरोबर दमटपणाही कणगींत जातो व बुरशी धरते. शिवाय आधींच सोंडा लागलेलें धान्य पाल्यानें सुधारत नाहीं. तें आधीं चाळून, कडक उन्हांत वाळवून मगच भरावें. ज्या बाया हें काम करितात, त्यांस या सूचना अनुभवानेंच ठाऊक असतात. अडतात ते आमच्यासारखे, पेन्शनींत आल्यावर घरांत लक्ष घालूं लागलेले लोक. आमच्या कुटुंबानें आम्हांस पाल्याच्या एका टोपलीवरून जें ऐकविलें, तें येथें लिहीत नाहीं.

फवारणीकरितां दशपर्णी अर्क हल्लीं पुष्कळजण घरीं करितात. त्यांत निरगुडी असते, आणि गंमत अशी कीं घाणेरीही असते. तेवढ्या एका ठिकाणीं दोघींची सरमिसळ झाली तरी चिंता नाहीं. फक्त अर्काचा चोथा गुरांच्या तोंडापासून दूर टाकावा, कारण त्या दहांत रुई व कण्हेरही असते. सुजलेल्या सांध्यावर निरगुडीचा गरम पाला बांधणें, बाळंतिणीच्या न्हाणाच्या पाण्यांत पाला उकळणें, हे उपचार सर्वांच्या परिचयाचे आहेत. पोटांत घेण्याचें औषध मात्र वैद्यांकडे सोंपवावें. त्या विषयांत आमची गति नाहीं, आणि ज्या हातानें एकदां घाणेरीला निरगुडी म्हटलें त्या हातानें काढा देऊं नये, असें आम्हीं ठरविलें आहे.

नोकरींतून मोकळे झाल्यावर आम्हीं गोठ्याच्या दाराच्या चौकटीला दोन डहाळ्या शेजारीं शेजारीं बांधून ठेवल्या आहेत. एक निरगुडीची, एक घाणेरीची. सुकल्या कीं नव्या बांधतों. घाणेरीची डहाळी गुरांच्या तोंडाला पोंचणार नाहीं इतकी उंच आहे. नवा गडी आला म्हणजे त्याला पहिल्या दिवशीं तेथें उभें करून दोन्ही पानें मोजावयास लावितों, पाठ उलटून दाखवावयास सांगतों, आणि डोळा कोठें आहे तें बोटानें दाखवून घेतों. गेल्या पावसाळ्यांत आलेल्या मुलानें हें सर्व बरोबर दाखविलें आणि वर विचारलें, "अण्णा, मग ह्या घाणेरीला बांधावर ठेवतां तरी कशाला?" त्याचें म्हणणें रास्त होतें. पाऊस उघडल्यावर जमीन ओली असतां आम्हीं दोघांनीं मिळून ओढ्याच्या अलीकडची सारी घाणेरी मुळासकट खणून काढिली. पलीकडची जमीन दुसऱ्या खातेदाराची आहे, तेथें ती अजून उभी आहे.